पंधरा मिनिटे सुरळीत, मग रुसते : छोट्या चेनसॉचा कार्ब्युरेटर कसा जुळवावा?

सुपारीची_वाडी

नमस्कार. श्रीवर्धन तालुक्यात आमची सुपारी-नारळाची वाडी आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात वाडीतली निम्म्याहून अधिक झाडे आडवी झाली, आणि त्या दिवसांत कापायला माणूस मिळेना म्हणून ३२ सीसीची, १४ इंची बारची (बार म्हणजे चेन जिच्याभोवती फिरते ती लांब पट्टी) छोटी चेनसॉ घेतली. वादळातली लाकडे निस्तरल्यानंतर तिचे काम कमी झाले असले, तरी सुकलेली झाडे आणि फांद्या कापायला ती महिन्यातून चार-पाच दिवस तरी लागतेच.

गेल्या दोन महिन्यांपासून तिचे असे झाले आहे : दोन दोऱ्यांत सुरू होते, पंधरा-वीस मिनिटे सुरळीत कापते, आणि मग रेस दिली की इंजिन वर जाण्याऐवजी 'भूऽऽ' करून दबते आणि बंद पडते. तासाभराने, चहा घेऊन आल्यावर, पुन्हा पंधरा मिनिटे ठीक चालते. माझा समज असा की ती तापल्यावर बिघडते. म्हणून मी 'एल' लिहिलेला स्क्रू अर्धा फेरा बाहेर काढला, तेव्हा एक दिवस बरे वाटले. मग आणखी पाव फेरा काढला. आता तो एकूण पावणेदोन फेरे बाहेर आहे, सुरुवातीला भरपूर धूर येतो, आणि बंद पडू नये म्हणून 'टी' स्क्रू इतका आवळला आहे की रेस न देताही चेन हळूहळू फिरते. तालुक्याच्या ठिकाणी एकांनी नवे डायफ्रॅम किट (कार्ब्युरेटरमधले पातळ पडदे) घालून दिले, त्याने काही फरक पडला नाही.

प्रश्न असा की एल, एच आणि टी या कार्ब्युरेटरच्या तीन स्क्रूंची जुळवणी कोणत्या क्रमाने करावी, आणि किती फेरे हा काही ठरलेला आकडा आहे का?

हिरवीजर्द

कोयता घ्या. त्याला एकही स्क्रू नसतो.

गॅरेजातला_दिवा

सर्वांत आधी, रेस न देता चेन फिरत असेल तर ते यंत्र आज वापरू नका. लाकडातून बार बाहेर काढून तुम्ही एक पाऊल मागे सरकता तेव्हा चेन थांबलेली असायला हवी, नाहीतर त्याच क्षणी जखम होऊ शकते. टी स्क्रू आधी सैल करा, मग पुढचे वाचा.

एल हा कमी रेसचे पेट्रोल ठरवतो आणि एच पूर्ण रेसचे. टी स्क्रूचा पेट्रोलशी संबंध नाही, तो फक्त कार्ब्युरेटरमधली हवेच्या वाटेवरची पाकळी किती उघडी राहावी हे ठरवतो (काही यंत्रांवर त्याला एलए लिहिलेले असते). एल आणि एच घड्याळाच्या काट्यांप्रमाणे आत फिरवले की पेट्रोल कमी होते, उलटे फिरवले की वाढते. टी आत फिरवला की रेस वाढते.

क्रम असा. एअर फिल्टर धुऊन वाळवा, प्लग पाहा, चेनला धार असू द्या आणि पेट्रोल-तेलाचे मिश्रण ताजे घ्या. एल आणि एच दोन्ही हलक्या हाताने आत फिरवून टेकवा. आवळू नका, कारण सुईचे टोक आणि ती बसते ती जागा दोन्ही खराब होतात आणि मग नवा कार्ब्युरेटरच घ्यावा लागतो. तिथून दोन्ही एक-एक फेरा बाहेर काढा. बहुतेक छोट्या यंत्रांची ही सुरुवातीची जागा आहे, तरी तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच खरा मानावा. इंजिन पाच मिनिटे काम करून गरम झाल्यावर एल थोडा थोडा आत-बाहेर करून ज्या जागी रेस सर्वांत उंच लागते ती जागा शोधा, आणि तिथून एक अष्टमांश ते पाव फेरा बाहेर या. आता झटकन रेस दिली तर इंजिन न अडखळता वर गेले पाहिजे. त्यानंतर टी फिरवून चेन पूर्ण थांबेल पण इंजिन बंद पडणार नाही इतकी रेस ठेवा. एच शेवटी, आणि त्याच्याबद्दल स्वतंत्र लिहितो, कारण सर्वाधिक पिस्टन तिथेच जातात.

टू_स्ट्रोक_काका

आमच्या काळी लुना आणि स्कूटर आम्ही कानाने जुळवायचो. एक स्क्रू, एक कान आणि शेजारी ओरडायला बायको, एवढ्यात काम व्हायचे. या यंत्रात इतके अवघड काय आहे हे मला समजलेले नाही. पावणेदोन फेरे लागत असतील तर लागू देत, यंत्राला जे मानवते ते द्यावे.

गॅरेजातला_दिवा

काका, आदर ठेवून असहमत आहे. स्कूटरच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलची वाटी आणि तिच्यात तरंगणारा फ्लोट असतो, कारण स्कूटर सहसा उभीच असते. चेनसॉ आडवी, तिरपी, कधी उलटीही धरावी लागते, म्हणून तिच्यात वाटीच नसते. क्रँककेसमधल्या, म्हणजे पिस्टनखालच्या पोकळीतल्या, दाबाच्या चढउतारावर एक पातळ पडदा धडधडतो आणि टाकीतून पेट्रोल ओढतो, तर दुसरा पडदा एका छोट्या तरफेने सुई उघडतो-मिटतो. तुमच्या स्कूटरला पेट्रोल गुरुत्वाकर्षणाने यायचे, इथे ते ओढून आणावे लागते, आणि ओढण्याच्या वाटेवर कुठेही फट असली तर पेट्रोलऐवजी हवा येते. यंत्राला पावणेदोन फेरे 'मानवतात' याचा अर्थ कुठेतरी काहीतरी चुकते आहे आणि आपण ते स्क्रूने झाकतो आहोत, असाच मी घेईन.

एचबद्दल : बार मोकळ्या जागेत धरा, चेनचा ब्रेक सोडलेला ठेवा (ब्रेक लावून पूर्ण रेस दिली तर क्लच जळतो) आणि चार-पाच सेकंदच पूर्ण रेस द्या. आवाज थोडा तुटक, फडफडणारा यायला हवा. तीच चेन लाकडात टेकवली की आवाज साफ झाला पाहिजे. लाकडाबाहेरच शिट्टीसारखा गोड, सरळ आवाज येत असेल तर पेट्रोल कमी आहे. या इंजिनात वंगणाचे तेल पेट्रोलबरोबरच येते, त्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी, आणि उष्णता मात्र जास्त. तो गोड आवाज ऐकून खूश झालेल्या लोकांचे पिस्टन माझ्याकडे डब्यात ठेवलेले आहेत, सायलेन्सरच्या बाजूने उभे ओरखडलेले.

टू_स्ट्रोक_काका

वाटीचे मान्य. बायको मात्र अजूनही लागते, कारण चार-पाच सेकंद झाले हे मला तीच सांगते.

मेपलच्या_सावलीत

मी कॅनडात ओंटारिओमध्ये राहतो आणि हिवाळ्यासाठी जळण स्वतः कापतो. दिव्यांनी सांगितलेले सर्व पटले, फक्त कानाबद्दल एक भर घालतो. वय वाढले की उंच पट्टीतला आवाज ऐकू येणे कमी होते, आणि नेमका तोच फरक इथे ओळखायचा असतो. प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा टॅकोमीटर (इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, मोजणारा मीटर) मिळतो, तो घ्यावा. माझ्या यंत्राच्या पुस्तिकेत मंद रेस २८०० आरपीएम दिली आहे आणि पूर्ण रेसची कमाल मर्यादाही दिली आहे. मी एच त्या कमाल मर्यादेच्या काही शे आरपीएम खालीच ठेवतो. कानाने जुळवलेले यंत्र मी एकदा मीटर लावून तपासले, तर ते मर्यादेच्या वर गेलेले होते आणि मला मात्र ते उत्तम वाटत होते.

इकडे नव्या यंत्रांच्या स्क्रूंवर प्लास्टिकच्या टोप्या असतात, त्या ठरावीक मर्यादेबाहेर फिरू देत नाहीत. काही स्क्रूंचे डोके साध्या पेचकसाने फिरत नाही, त्याला दातेरी किंवा डी आकाराचे टोक लागते. आता तर कार्ब्युरेटर स्वतःच जुळवून घेणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रेही आहेत, पण त्यांची किंमत पाहून मी पुन्हा पेचकसाकडे वळलो.

सह्यकडा

माझा एक अनुभव. आमची जागा महाबळेश्वरजवळ आहे, उंची साधारण १३५० मीटर. तिथे जुळवलेली चेनसॉ मी मेव्हण्यांच्या मदतीला गुहागरला नेली आणि तासाभरात ती जॅम झाली. नंतर समजले की वर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे १२ टक्के विरळ असते, म्हणून तिथे पेट्रोलही कमी करून जुळवलेले होते. खाली दाट हवेत तेच पेट्रोल अपुरे पडले. उलट दिशेने, म्हणजे कोकणातली चेनसॉ वर नेली असती, तर ती नुसती धूर काढून कुरकुरली असती. घाट उतरताना एच थोडा उघडायचा, हे मला एका पिस्टनच्या आणि एका मेव्हण्याच्या नाराजीच्या किमतीत समजले.

काथ्याकूट

म्हणजे धागाकर्त्यांचे म्हणणे बरोबरच आहे ना? ऊन चढले, यंत्र तापले, हवा विरळ झाली, म्हणून बिघडते.

सह्यकडा

नाही, दिशा उलटी आहे. हवा विरळ झाली तर पेट्रोलचे प्रमाण वाढते, कमी होत नाही. त्यांचे यंत्र एल उघडल्यावर तात्पुरते सुधारते, म्हणजे त्याला पेट्रोल कमी पडते आहे. उन्हाने नेमके याच्या विरुद्ध व्हायला हवे.

काथ्याकूट

मग नळीतच पेट्रोलची वाफ होत असेल. किंवा इग्निशन कॉइल तापल्यावर दगा देत असेल. आमच्या फवारणी पंपाचे असेच होते, गार झाल्यावर चालायचा.

गॅरेजातला_दिवा

कॉइल तापून जाते तेव्हा इंजिन दिवा मालवल्यासारखे एकदम बंद पडते आणि दोरी ओढली तरी ठिणगी दिसत नाही. इथे ते रेस दिल्यावर दबत दबत बंद पडते आहे, म्हणून मला संशय पेट्रोलच्या वाटेवरचाच आहे. वाफेची शक्यता मी नाकारत नाही.

@सुपारीची_वाडी, दोन गोष्टी तपासा. एक, दबू लागले की टाकीचे झाकण क्षणभर सैल करा. टाकीत हवा जाण्याचे छिद्र बुजलेले असेल तर झाकण उघडताना सुस्कारा ऐकू येईल आणि यंत्र सुधारेल. दोन, सायलेन्सरच्या तोंडाशी बारीक जाळी असते, ती काजळीने बंद झाली आहे का ते पाहा.

सुपारीची_वाडी

सर्वांचे आभार. झाकण सैल करून पाहिले, सुस्कारा नाही, फरकही नाही. जाळी थोडी काळी होती, ती घासून लावली, त्यानेही फरक नाही. टी सैल केला आहे, चेन आता थांबते, पण इंजिन लगेच बंद पडते. दबू लागल्यावर यंत्र कुशीवर कलवले तर कधी कधी रेस आपोआप चढते, ही गोष्ट सांगायची राहिली होती.

पेट्रोलपंपाचा_कंटाळा

कोणी इथेनॉलचे नाव कसे काढले नाही? २०२३ पासून टप्प्याटप्प्याने सगळीकडे २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आले. शुद्ध पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण साडेतेरा पट. म्हणजे २०२० मध्ये जुळवलेले यंत्र काहीही न करता आज लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) चालते. त्यातून इथेनॉल पाणी ओढून घेते आणि जुन्या रबराला कडक करते.

घरी तपासता येते. उंच, अरुंद काचेच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, तोंड बंद करून हलवा आणि दहा मिनिटे उभे ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरते, आणि तळाचा थर दहावरून साधारण अठ्ठावीसवर चढलेला दिसतो. हे बाहेर, उघड्यावर करा, स्वयंपाकघरात नको.

तेलाची_धार

यावर सोपा उपाय म्हणजे तेल वाढवणे. लिटरला २० मिलीऐवजी मी ४० मिली घालतो, यंत्र सुरक्षित राहते.

मेपलच्या_सावलीत

तेल वाढवले की त्याच थेंबातले पेट्रोल तेवढे कमी होते, म्हणजे मिश्रण किंचित आणखी लीन होते. २० मिलीऐवजी ४० मिली हा फरक दोन टक्क्यांचाच आहे, त्यामुळे त्याने फारसे बिघडणार नाही, पण कमी पडणारे पेट्रोल त्याने भरूनही निघणार नाही. तेलाच्या डब्यावर ५० ला १ लिहिले असेल तर २० मिलीच घालावे आणि कमतरता स्क्रूने भरून काढावी.

तेलाची_धार

माझे यंत्र नऊ वर्षे चालले आहे. मी ४० मिलीच घालणार.

हिरवीजर्द

शेजाऱ्यांना डास होत नसतील.

अबोली

मी सावंतवाडीकडची. आमच्या काजूच्या बागेत दोन चेनसॉ आहेत आणि दोन्हींची देखभाल मीच करते. मला एक साधा प्रश्न विचारायचा आहे. दादा, तुम्ही चहा पिऊन येता तेव्हा यंत्र गार झालेले असते हे खरे, पण त्याच वेळी तुम्ही टाकीही भरता का? छोट्या यंत्राची टाकी पाव लिटरच्या आसपास असते. पंधरा मिनिटे कापले की ती अर्ध्यावर येते. म्हणजे 'तापल्यावर' आणि 'टाकी अर्धी झाल्यावर' या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि आपण त्यांतली एकच धरून बसलो आहोत.

दोन्ही वेगळ्या करून पाहा. एकदा दबू लागले की तासभर गार होऊ द्या, पण टाकी भरू नका. दुसऱ्यांदा दबू लागले की इंजिन बंद करून, सायलेन्सरवर सांडणार नाही अशा बेताने दहा-बारा मिनिटांत टाकी भरा आणि गरमच असताना सुरू करा.

टू_स्ट्रोक_काका

या ताईंना कुणीतरी गॅरेज काढून द्या.

गॅरेजातला_दिवा

हे मला सुचायला हवे होते. कलवल्यावर रेस चढते हेही त्यात बसते.

सुपारीची_वाडी

आज दोन्ही प्रयोग केले. तासभर सावलीत ठेवून, टाकी न भरता सुरू केली : पहिल्याच रेसला दबली. टाकी काठोकाठ भरली आणि यंत्र अजून हाताला गरम असतानाच सुरू केली : पंधरा मिनिटे निर्वेध कापले. म्हणजे दोन महिने मी उन्हाला बोल लावत होतो.

अबोली

आता टाकीतली नळी बाहेर काढून पाहा. पेट्रोल रिकामे करा, तारेचा छोटा आकडा करून टाकीच्या तोंडातून नळीच्या टोकाचा पेट्रोल फिल्टर वर ओढा, आणि नळी जिथे टाकीच्या भिंतीतून आत येते त्या टोकापर्यंत बोटाने वाकवून बघा. आमच्या एका यंत्रात तिथेच चीर होती. टाकी भरलेली असते तेव्हा चीर पेट्रोलात बुडालेली असते, म्हणून तिच्यातून पेट्रोलच आत जाते. पातळी खाली गेली की तीच चीर हवा ओढते.

काथ्याकूट

पण मग डायफ्रॅम किट बदलणाऱ्यांना हे दिसले कसे नाही?

गॅरेजातला_दिवा

कारण दुकानात आलेले यंत्र आम्ही टाकी भरून सुरू करतो, दोन मिनिटे रेस देतो आणि गिऱ्हाइकाला देतो. मीही असेच केले असते, खोटे कशाला बोलू.

सुपारीची_वाडी

सापडले. नळी बाहेरून काळीभोर, धडधाकट दिसत होती, पण भिंतीजवळचा भाग अंगठ्यावर वाकवला तेव्हा सुकलेल्या आमसुलासारखा कडक लागला आणि आडव्या बारीक भेगा तोंड उघडून दिसल्या. खात्री करायला एक टोक बोटाने दाबून नळी पाण्यात धरली आणि दुसऱ्या टोकाने रबरी फुग्याचा पंप मारला, तर दोन जागी मोत्यांसारखे बुडबुडे आले. नवी नळी आणि नवा फिल्टर मिळून दीडशे रुपयांच्या आत काम झाले.

गॅरेजातला_दिवा

उत्तम. मात्र आता आहे तसेच सुरू करू नका. तुमचा एल पावणेदोन फेऱ्यांवर आहे, तो गळक्या नळीच्या हिशेबाने होता. दोन्ही स्क्रू पुन्हा टेकवून एक-एक फेऱ्यावर आणा आणि पहिल्यापासून जुळवा. आणि इंजिन थंड असताना सायलेन्सर काढून त्या छिद्रातून पिस्टनकडे बॅटरी मारून पाहा, कारण दोन महिने ते अधूनमधून लीन चालले आहे.

सुपारीची_वाडी

पिस्टन पाहिला. दोन-तीन केसासारख्या रेघा आहेत, पण नखाला लागत नाहीत. रिंग मोकळी आहे. त्यानंतर दिव्यांच्या क्रमाने जुळवणी केली. एल एक फेरा आणि त्यावर एक अष्टमांश इथे बसला, एच एक फेरा आणि पाव. पूर्ण रेसला तो तुटक, फडफडणारा आवाज आला, आणि फणसाच्या वाळलेल्या खोडात बार शिरताच साफ झाला. टी जवळजवळ दीड फेरा मागे आला आहे, चेन जागची हलत नाही. टाकी पार तळाला जाईपर्यंत कापले, शेवटच्या अर्ध्या मिनिटात रेस चढू लागली तेव्हा पेट्रोल संपत आल्याचे ओळखून लगेच बंद केले.

पेट्रोलपंपाचा_कंटाळा

एच एकऐवजी सव्वा लागला, हे इथेनॉलच्या हिशेबाशी जुळते, एवढेच नोंदवतो.

सह्यकडा

किंवा समुद्रसपाटीच्या हवेशी. किंवा नव्या फिल्टरशी. एका यंत्रावरून ठरवता येणार नाही.

तेलाची_धार

मिश्रण कोणते वापरले?

सुपारीची_वाडी

लिटरला २० मिली. आणि काम संपल्यावर टाकी रिकामी करून, इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत मंद रेसवर चालवून ठेवतो आहे, म्हणजे नव्या नळीत ते पेट्रोल महिनाभर मुरत राहणार नाही. अबोलीताई, तुमच्या यंत्राची नळी किती वर्षांनी गेली होती?

अबोली

पहिली पाच वर्षांनी, दुसरी तीनच वर्षांनी. आता दर पावसाळ्याआधी ओढून, वाकवून बघते. त्याच वेळी तारेचा आकडा टाकीत पडून हरवतो, तो काढायला दुसरा आकडा करावा लागतो.